पीआय साहेबांना आमदार व्हायचंय : व्हीआरएसचा अर्ज टाकायच्या आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताईंचे मिस्टर मुंबई पोलिसात पीआय आहेत, २००१ ला पीएसआय म्हणून लागले, आता पन्नाशीला टेकलेत, पोस्टिंग उपनगरात आणि राहायला नायगावची पोलीस लाईन. एका पक्षाच्या माणसाने सांगितलंय की साहेब, २०२९ ला तुम्हाला विधानसभेला उभं करतो, तुम्ही फक्त राजीनामा टाका. साहेबांच्या डोक्यात ते बसलंय. ताई विचारतायत की पोलिसातला माणूस आमदार म्हणून चालतो का, आणि नोकरी सोडताना काय बघायचं.

मी आमदारांकडे स्वीय सहायक म्हणून उभं आयुष्य काढलंय, आधी परळ-लालबाग बाजूला, मग उपनगरात, पक्षही वेगवेगळे. उमेदवारी अर्ज भरण्यापासून ते सभागृहात मंत्र्यांचं लक्ष वेधायची सूचना, म्हणजे लक्षवेधी, लिहून देण्यापर्यंत सगळं केलंय आणि निवडणूक लढवायची म्हणून खाकीतली बरीच माणसं समोर बसून गेलीत, त्यामुळे जे लिहितोय ते बघून लिहितोय.

आधी कागद, कारण बाकी सगळं नंतर सुधारता येतं, कागद नाही. राजीनामा टाकू नका. राजीनाम्यात आधीची सेवा जप्त होते, म्हणजे पेन्शनवर पाणी. वीस वर्षांच्या वर सर्व्हिस झालीय तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती म्हणजेच व्हीआरएस घ्यायची, २००१ ची भरती म्हणजे साहेब जुन्या पेन्शनमध्ये आहेत, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचं गणित वेगळं. ही पेन्शन घालवून कोणाच्या तोंडी शब्दावर उडी मारणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. आणि विभागीय चौकशी चालू असेल तर आधी ती मिटवा, नाहीतर व्हीआरएस अडते.

ती अडली की काय होतं त्याचं उदाहरण ताजं आहे. अब्दुर रहमान, आपल्याच राज्यातले आयपीएस. २०१९ मध्ये त्यांनी व्हीआरएस मागितली, सरकारने नाकारली, वर्षाच्या शेवटी नागरिकत्वाच्या कायद्यावरून ते नोकरी सोडतोय म्हणून बाहेर पडले. २०२४ ला वंचितने त्यांना धुळ्यातून लोकसभेची उमेदवारी दिली आणि छाननीत अर्ज बाद, कारण सरकारदरबारी त्यांची सेवा संपलेलीच नव्हती. प्रचाराची गाडी, बॅनर, माणसं सगळं जागेवर आणि उमेदवारच नाही. सरकारी पगारावर असलेला माणूस आमदार-खासदार होऊ शकत नाही हे शाळेतल्या पोराला माहितीय, पण 'मी सोडलं' आणि 'सरकारने सोडलं' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे भल्याभल्यांना छाननीच्या टेबलावर कळतं.

दुसरा कागद म्हणजे नमुना २६, उमेदवाराचं शपथपत्र. त्यात एक कॉलम पोलीसवाल्यांना हमखास अडचणीत आणतो, तो म्हणजे गेल्या दहा वर्षांत सरकारी घरात राहिलात का, आणि राहिला असाल तर भाडं, लाईट, पाणी, टेलिफोनची थकबाकी नाही असा दाखला. लाईनीत राहणाऱ्या माणसाने हा दाखला आधीपासून काढून ठेवायचा, ज्या ज्या क्वार्टरमध्ये राहिला असाल त्या प्रत्येकाचा, कारण बदली झाली तरी पोरांची शाळा म्हणून खोली सोडली नाही आणि दंडनीय भाडं चढत गेलं असं कितीतरी जणांचं असतं आणि ते त्यांना स्वतःला आठवत पण नाही. त्याच शपथपत्रात प्रलंबित गुन्हे लिहायचे. पोलिसावर आरोपीने कोर्टात टाकलेली खासगी तक्रार असते, मारहाणीची, डांबून ठेवल्याची, साहेब म्हणतात ते काही खरं नाही, सोडा. सोडायचं नाही. कोर्टाने दखल घेतली असेल तर लिहायचं, आणि गुन्हे असतील तर पेपरात आणि टीव्हीवर तीनदा जाहिरात पण द्यायला लागते. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचं रेकॉर्ड काढलं त्याला स्वतःचं रेकॉर्ड छापून द्यायला जड जातं, बघितलंय मी.

बाकीचं सोपं आहे. वय पंचवीसच्या वर, राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघात नाव, डिपॉझिट दहा हजार, मान्यताप्राप्त पक्षाचं तिकीट असेल तर सूचक एक, अपक्ष असाल तर दहा. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश नाही मिळाली तर डिपॉझिट गेलं. खर्चाची मर्यादा ४० लाख, आणि खरा खर्च किती होतो ते तुमच्या मिस्टरांना माहिती असणार, नाकाबंदीत त्यांनीच पकडला असेल. नोकरी सोडल्यावर अमुक वर्षं थांबायलाच पाहिजे असा नियम नाहीये, तशी सक्ती करा म्हणून कोणीतरी सुप्रीम कोर्टात गेलं होतं, २०२२ ला कोर्टाने ते आमचं काम नाही म्हणून सोडून दिलं. म्हणजे कायद्याने आज व्हीआरएस मंजूर, उद्या अर्ज, चालतं. राजकारणात मात्र चालत नाही.

का चालत नाही ते सांगतो.

पोलिसाला वाटतं आपल्याला सगळा एरिया ओळखतो. ओळखतो, खरंय, पण लोक तुम्हाला भेटलेत ते त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी. घरफोडी झाली, पोरगी निघून गेली, भावाभावात मारामारी झाली. फिर्यादीला वाटतं तुम्ही कमी केलं, आरोपीला वाटतं तुम्ही जास्त केलं, आणि दोघांच्या घरात चार-पाच मतं. त्यातून जो खरंच समाधानी होऊन गेला तो पुन्हा पोलीस स्टेशनची पायरी चढत नाही आणि तुमचं नावही काढत नाही, कारण ती गोष्ट त्याला विसरायची असते. नगरसेवक त्याच घरात बारशाला, दहावीच्या निकालाला, गणपतीला आणि मयताला जाऊन आलेला असतो. लोक तुम्हाला भितात आणि त्याला हक्काने शिव्या घालतात, आणि मतं शिव्या खाणाऱ्याला पडतात.

दुसरं म्हणजे बदल्या. साहेबांची सर्व्हिस आझाद मैदान, मग गडचिरोली, मग क्राईम ब्रँच, मग कुठेतरी साईड पोस्टिंग अशी गेली असेल तर ओळख सगळीकडे थोडी थोडी आणि मतदारसंघ कुठलाच नाही. मुंबईत ३६ जागा आहेत, एकेका जागेत दोन-तीन पोलीस स्टेशनांची हद्द येते आणि हद्दीच्या रेषा मतदारसंघाच्या रेषांशी जुळत नाहीत. २०२४ ला माहीमची सीट १,३१६ मतांवर फिरली. एवढ्या मतांचा फरक म्हणजे चार-पाच बिल्डिंगा. तिथे प्रत्येक मजल्यावरचं घर माहिती असणारा माणूस लागतो, आणि खरं सांगू का, पोलीस स्टेशनात तेवढा एरिया पीआयला माहिती नसतो, बीटवरच्या जुन्या हवालदाराला आणि स्टेशनसाठी गुप्त माहिती काढणाऱ्या गोपनीयवाल्याला असतो.

आता नावं घेतो, सगळी जगजाहीर आहेत. प्रदीप शर्मा, एन्काउंटर स्पेशालिस्ट, मुंबईत ज्यांचं नाव माहिती नाही असं घर नसेल, २०१९ ला नोकरी सोडून शिवसेनेकडून नालासोपाऱ्यात उभे राहिले, क्षितिज ठाकूर यांच्याकडून ४० हजारांहून जास्त मतांनी हरले. नाव किती मोठं आहे याचा काही उपयोग झाला नाही, तिथे पाण्याच्या टँकरपासून सगळं ठाकूरांच्या बहुजन विकास आघाडीच्या हातात वर्षानुवर्षं होतं. सत्यपाल सिंह मुंबईचे पोलीस आयुक्त, जानेवारी २०१४ ला सोडलं आणि लोकसभेला निवडून आले, मंत्री पण झाले, पण कुठून? बागपतहून, स्वतःच्या गावाकडून. अरूप पटनायक पण आपले आयुक्त, त्यांनी ओडिशात जाऊन २०१९ ला भुवनेश्वर आणि २०२४ ला पुरी लढवलं, दोन्हीकडे हरले. सुरेश खोपडे, ज्यांच्या मोहल्ला कमिट्यांमुळे ९२-९३ ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, त्यांच्याइतकं लोकांमध्ये बसून काम केलेला पोलीस अधिकारी मी तरी ऐकला नाही, ते २०१४ ला आम आदमीकडून लढले, पण बारामतीत. बारामतीत! भिवंडीची पुण्याई बारामतीत वटत नाही हो.

या यादीत एक गोष्ट बघा, मुंबईचं आयुक्तपद भूषवलेल्या या दोघांनी निवडणूक मुंबईत लढवली नाही. त्यांना बरोबर माहिती होतं.

बिहारचं एक उदाहरण तर मी समोर बसलेल्या प्रत्येक साहेबाला सांगतो. २०२० ला तिथले डीजीपी गुप्तेश्वर पांडेंनी निवडणुकीच्या तोंडावर व्हीआरएस घेतली, जेडीयूत गेले, बक्सरची जागा धरून बसले. जागा वाटपात गेली भाजपकडे आणि भाजपने तिकीट दिलं परशुराम चतुर्वेदींना, जे कधीकाळी पोलिसात शिपाई होते. डीजीपी घरी, शिपायाला तिकीट. (तेही हरले, काँग्रेस जिंकली, तो भाग वेगळा.) आणि आपल्या अकोल्याचे शिवदीप लांडे, बिहार केडरचे, मुंबईतही काम करून गेलेले, फेसबुकवर फॅन फॉलोइंग किती ते विचारू नका, २०२५ ला दोन जागांवर अपक्ष लढले आणि दोन्ही गेल्या. तेव्हा 'तुम्हाला उभं करतो' म्हणणाऱ्याला एकच विचारा, एबी फॉर्मवर, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदावर, सही कोणाची असते? त्याची नसते. ज्याची असते त्याच्याशी बोलणं झालंय का?

चालतो तो कसा चालतो त्याचंही एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे, सुशीलकुमार शिंदे. सोलापूरच्या कोर्टात नोकरी, मग मुंबईत सीआयडीला सबइन्स्पेक्टर, १९७१ ला पोलीस सोडलं तेव्हा वय तिशीचं. लगेच काही मिळालं नाही, १९७४ ला करमाळ्यातून विधानसभेत आले आणि तिथून मंत्री, २००३ ला मुख्यमंत्री, २०१२ ला देशाचे गृहमंत्री. पण नीट बघा, त्यांना कोणी 'पोलिसवाले शिंदे' म्हणून मतं दिली नाहीत. तिशीत सोडलं, पक्षात खालून वर आले, अर्थखातं सांभाळलं, वर्दी मागे राहिली. पन्नाशीत सोडणाऱ्याकडे तेवढी वर्षं नसतात हे कडू आहे पण आहे.

समजा निवडून आलात. सकाळी नऊला ऑफिसात माणसं बसलेली असतात आणि त्यांची कामं काय असतात? ड्रेनेज तुंबलं, एसआरएत (झोपडपट्टी पुनर्वसन) अनेक्शर टू मध्ये, म्हणजे पात्रतेच्या यादीत, नाव अपात्र आलं, म्हाडाचं ट्रान्झिट कॅम्पमधलं घर, केईएमला बेड, ॲडमिशन, बिल्डरने भाडं थकवलं. पोलीस स्टेशनचं काम त्यात थोडं, आणि जे असतं ते नेमकं नको ते. पोरगा उचललाय, साहेब तुम्ही एक फोन टाका. कार्यकर्त्याला वाटतं आता आपला माणूस पोलिसातलाच आहे म्हणजे काम झालंच. आणि इथेच पोलीसवाला आमदार घसरतो, कारण त्याला फोन कुठे टाकायचा, काय बोलायचं, कोणत्या कलमात टेबल जामीन (स्टेशनातूनच सुटका) होतो हे सगळं माहिती असतं. आजचा सिनियर पीआय कालचा त्याचा ज्युनियर असतो, तो समोर उठून उभा राहतो, आणि हे महाशय आमदारकी सोडून त्या पोलीस स्टेशनचे दुसरे सिनियर होऊन बसतात. तपासात आमदाराला काडीचाही अधिकार नाही. गुन्हा दाखल करून घेत नाहीत तर वरिष्ठांना पत्र लिहा, तिथूनही नाही झालं तर कोर्ट आहे, पण स्टेशनात जाऊन खुर्ची ओढून बसू नका.

अजून एक सवय सुटता सुटत नाही, हुकूम सोडायची. स्टेशनात 'ए, गाडी काढ' म्हटलं की गाडी निघते. शाखेत बसलेला पोरगा पगारी नाहीये, तो दिवसभर नोकरी करून संध्याकाळी झेंडे बांधायला येतो, त्याला एकदा सगळ्यांसमोर झापलं की दुसऱ्या दिवशी तो समोरच्या पार्टीच्या ऑफिसात चहा पिताना दिसतो. निधीचंही तसंच. आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी, पण तो खिशात येत नाही, तुम्ही काम सुचवायचं, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून, काम करणार म्हाडा नाहीतर महापालिका, आणि बोर्डवर तुमचं नाव लागेपर्यंत पावसाळा आलेला असतो. इथे विनंती, पाठपुरावा आणि टेबलावरच्या क्लार्कचं नाव लक्षात ठेवणं एवढंच चालतं.

मग पोलिसातल्या माणसाचा उपयोगच नाही का? आहे, आणि तो जिथे आहे तिकडे कोणी बघत नाही. तो सभागृहात आहे.

गृहखात्याला प्रश्न विचारायचे ते बहुतेक आमदार पेपरातल्या बातमीवरून विचारतात. 'अमुक ठिकाणी चोऱ्या वाढल्या हे खरे आहे काय?' खात्याचं उत्तर ठरलेलं, 'हे अंशतः खरे आहे', आणि शेवटच्या पोटप्रश्नाला 'प्रश्न उद्भवत नाही'. संपलं. खात्याच्या आतून आलेल्या माणसाला माहिती असतं की रजिस्टर कुठलं मागायचं. किती गुन्ह्यांत साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र गेलं नाही म्हणून आरोपीला आपोआप जामीन मिळाला, पोलीस स्टेशननिहाय सांगा. कलिनाच्या फॉरेन्सिक लॅबमध्ये किती रिपोर्ट कधीपासून पडलेत. मंजूर संख्याबळ नको, आज रात्रपाळीला प्रत्यक्ष स्टेशनात किती माणसं हजर असतात आणि किती बंदोबस्त, कोर्ट, समन्स, व्हीआयपीच्या मागे गेलीत ते सांगा. असे प्रश्न तारांकितला, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या यादीत, लागले तर मंत्र्यांना ब्रीफ करणाऱ्या अधिकाऱ्यांना गॅलरीत घाम फुटतो, मी शेजारून बघितलाय. बाहेरच्या माणसाला हे प्रश्न सुचतच नाहीत.

पोलिसांचे स्वतःचे प्रश्न तर कोणी मांडायलाच नसतं, कारण त्यांना युनियन नाही, मोर्चा काढता येत नाही, आणि मतदार म्हणून ते शहरभर विखुरलेले. आठ तासांची ड्युटी घ्या. देवनार पोलीस स्टेशनला २०१६ ला एका शिपायाच्या कल्पनेवरून सुरू झालं, आयुक्त पडसलगीकरांनी उचलून धरलं, पण अशी गोष्ट एका आयुक्ताच्या इच्छेवर चालते आणि साहेब बदलले की माणसांची कमतरता पुढे येते. बीडीडी चाळीत राहणाऱ्या पोलिसांच्या पुनर्विकासातल्या घराची किंमत आधी ५० लाख सांगितली, मग २५ झाली, मग १५ लाखांवर आली, सगळं २०२२ सालात, ती काय आपोआप नाही उतरली, बायका आणि रिटायर्ड माणसं मागे लागली होती. बदल्यांचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने २००६ ला प्रकाश सिंह केसमध्ये सांगितल्यानंतर आपल्याकडे २०१४ ला पोलीस कायद्यात बदल करून आस्थापना मंडळं आली, मुदतीआधी बदली करायची तर कारण लिहायचं असं आलं, तक्रार प्राधिकरण आलं. ते कागदावर किती आणि खरं किती, हे ज्याने स्वतः ती ऑर्डर हातात घेतलीय तोच विचारू शकतो. लक्षवेधी नियम १०५, मोठी चर्चा नियम २९३, कपात सूचना, अर्धा तास चर्चा, ही हत्यारं चालवायला शिकला तर असा आमदार एका टर्ममध्ये नाव काढेल. फक्त एक धोका, तो दोन टोकांना जातो. एकतर खात्याचा वकील होतो, कोठडीत माणूस मेला तरी 'पोलिसांचं मनोधैर्य' म्हणून उठतो, नाहीतर ज्या साहेबाने त्याला साईडला टाकलं त्याचा हिशोब सभागृहात चुकता करतो. दोन्हीला लोक लगेच ओळखतात.

आणि पक्षाचं काय? कुंवर विजय प्रताप सिंह, पंजाबचे आयजी, २०२१ ला नोकरी सोडली, २०२२ ला अमृतसर उत्तरमधून आपचे आमदार. सरकार स्वतःच्याच पक्षाचं, तरी जाहीरपणे त्याच्याविरुद्ध बोलत राहिले, २०२५ ला पक्षाने निलंबित केलं. बरोबर कोण होतं तो वाद वेगळा, पण तपास अधिकाऱ्याला सत्य सापडलं की तो चार्जशीट टाकतो, आमदाराला सत्य सापडलं तरी आधी पक्षप्रतोदाकडे बघायला लागतं. साहेबांना ते जमणार आहे का, हे तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त माहिती असेल.

आता शेवटचं, तुम्ही विचारलं नाहीये तरी. प्रश्नात तुम्ही ओझरतं लिहिलंय की लाईनीत बचत गट तुम्ही चालवता, पाण्याच्या टाकीसाठी पीडब्ल्यूडीकडे तुम्हीच भांडलात आणि एफ साऊथ वॉर्डच्या ऑफिसात तुम्हाला नावाने ओळखतात. मग उभं तुम्हीच का नाही राहत? मुंबई महापालिकेत २२७ पैकी निम्म्या जागा बायकांना राखीव असतात, विधानसभेतल्या एक तृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती २०२३ ला झालीय, जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाली की ते लागू होईल. नवरा पोलिसात आहे म्हणून बायकोला निवडणूक लढवायला बंदी नाहीये. बंदी आहे ती त्यांना, वर्तणुकीच्या नियमांतल्या ५ व्या नियमाने आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२९ ने, की तुमच्यासाठी एक मत मागायचं नाही, बूथवर एजंट बसायचं नाही, युनिफॉर्ममध्ये तुमच्या ऑफिसच्या आसपास फिरकायचं नाही, आणि निवडणुकीच्या काळात त्यांना त्या कामातून बाजूला ठेवतील ते निमूट मान्य करायचं. पगार चालू, ५८ पर्यंत सर्व्हिस पूर्ण, पेन्शन शाबूत. लाईनीतल्या बायका तुमच्या मागे आहेत की साहेबांच्या हुद्द्याच्या मागे, हे बघायचं असेल तर साहेबांची नायगावच्या बाहेर बदली असताना हळदीकुंकू घालून बघा, किती येतात ते मोजा.

साहेबांचं डोकं तरीही फिरलेलंच असेल तर सर्व्हिस बुकची कॉपी, क्वार्टरचे ना-थकबाकी दाखले आणि चौकशी प्रलंबित नसल्याचं पत्र एवढं आधी जमवायला सांगा, पार्टीवाल्याला पुढची भेट त्यानंतर द्यायची.